नकाराची कारणमीमांसा

गेल्या फाल्गुनात, कळमनुरीपासून थोड्या अंतरावरच्या एका शिवारात हळद शिजवण्याचे काम चालू असताना, एका वृद्ध शेतकऱ्याचे बोलणे मी मोबाइलवर चित्रित करून घेतले. पूर्वी हे काम लोखंडी काहिलीत होत असे. आता वाफेवर चालणारे कुकर भाड्याने मिळतात आणि काम पुष्कळ लवकर उरकते. परंतु हळद शिजली हे ओळखायचे कसे, ही विद्या अजून माणसाच्या बोटांत आणि नाकातच राहिलेली आहे. आजोबांनी वाफाळते हळकुंड उचलले, या हातातून त्या हातात खेळवून थोडे निवू दिले, त्यात काडी टोचून दाखवली, मग ते मोडून त्याची आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली आणि कडेपासून गाभ्यापर्यंत रंग एकसारखा दिसला पाहिजे हे समजावून सांगितले. "मधी कच्ची राहिली की वाळताना दगा देती बघा," एवढे म्हणून त्यांनी ते दोन्ही तुकडे माझ्या हातावर ठेवले. हे सारे चित्रण अकरा मिनिटांचे होते आणि मोबाइलच्या हिशेबाने त्याचे आकारमान सुमारे १४०० मेगाबाइट भरले.

हे चित्रण माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावर असावे अशी माझी इच्छा होती. भाड्याच्या जागेवर, परंतु स्वतःच्या नावाने, हे संकेतस्थळ मी अनेक वर्षे चालवीत आलो आहे. रात्री जेवणे उरकल्यावर मी फाईल चढवण्यास बसलो. माझ्याकडची जोडणी वरच्या दिशेने सेकंदाला सुमारे चार मेगाबिट देते, म्हणजे एवढी फाईल पोहोचण्यास पन्नास मिनिटांच्या आसपास लागणार हे उघड होते. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या गतीने सरकत शंभर टक्क्यांपर्यंत गेली, क्षणभर थांबली, आणि तिच्या जागी एक वाक्य उमटले: अपलोड करताना त्रुटी आली, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या रात्री मध्येच वीज गेली. तिसऱ्या आणि चौथ्या रात्री पट्टी पुन्हा शंभरापर्यंत जाऊन तेच वाक्य आले. ज्या तरुणाच्या दुकानात मी मोबाइल दुरुस्तीस देतो, त्याला हे सांगितले तेव्हा तो सहानुभूतीने म्हणाला, "सर, यूट्यूबवर टाका ना, तिथं बिनबोभाट घेतंय."

त्याचा सल्ला व्यवहाराला धरून होता आणि त्याचा विचार मी पुढे करणार आहे. परंतु त्या चार रात्रींत मला जे खटकले ते फाईल स्वीकारली गेली नाही हे नव्हे. मर्यादा प्रत्येक व्यवस्थेला असतात आणि असाव्यात. नकार देणारा कोण, तो कोणत्या नियमाने देतो, आणि त्या नियमाचे समाधान करावयाचे तर मी काय करावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे व्यवस्थेला ठाऊक असताना ती मला सांगण्यात येत नव्हती, आणि उलट "पुन्हा प्रयत्न करा" असा, जो कधीही सफळ होणार नाही असा उपदेश मला केला जात होता, हे मला खटकले. कारण न सांगता दिलेला नकार माणसाला याचक बनवतो आणि कारणासह दिलेला नकार, तो कितीही कठोर असला तरी, त्याला पक्षकाराचा दर्जा देतो, असे माझे मत आहे. यंत्रांच्या जगात हा भेद कायद्याच्या जगाइतकाच महत्त्वाचा आहे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

आमच्या भागातील माणसाला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. कळमनुरी हा हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा तालुका होता आणि दरबारची भाषा उर्दू होती. ज्याची मातृभाषा मराठी, ज्याचे शेत कयाधूच्या किंवा पैनगंगेच्या खोऱ्यात, अशा माणसाचा अर्ज कचेरीतून नामंजूर होऊन परत आला म्हणजे त्यावरील हुकूम काय आहे हे वाचून घेण्यासाठीच त्याला दुसऱ्याची पायरी चढावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हाही झाला. परंतु नुसत्या भाषांतराने नकार सकारण होत नाही, हेही आपण त्या काळात पाहिले. "नामंजूर" हा शब्द मराठीत लिहिला काय आणि उर्दूत लिहिला काय, त्याच्या पुढे कारणाचा रकाना कोरा असेल तर अर्जदार होता तिथेच राहतो.

म्हणूनच १९९० साली एस. एन. मुखर्जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, अर्धन्यायिक अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने, कायद्याने स्पष्ट किंवा अभिप्रेत सूट दिलेली नसेल तर, आपल्या निर्णयाची कारणे नोंदवली पाहिजेत असे ठरवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ७(८) मध्ये तर याचा आराखडाच घालून दिलेला आहे: अर्ज फेटाळताना फेटाळण्याची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील या तिन्ही गोष्टी अर्जदारास कळवणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. कोणी नाकारले, का नाकारले, पुढे कोठे जावयाचे, यांपैकी एकही प्रश्न असा नाही की जो त्या निळ्या पट्टीसमोर बसलेल्या माणसाच्या मनात येत नाही.

आता फाईलचा प्रवास पाहू, कारण नकार नेमका कोठे होतो हे ठाऊक नसल्यामुळेच बहुतेक माणसे निराश होतात. संकेतस्थळाच्या पानावरून फाईल पाठवण्याची सोय मुळात वेबबरोबर जन्मलेली नाही. तिची रीत नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्समधील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी एका मसुद्यात मांडली. ज्या दिवसांत टेलिफोनच्या तारेवरून एखादे छायाचित्र पाठवणे हेसुद्धा धैर्याचे काम होते, त्या दिवसांतील ती रीत थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. तिच्यानुसार फाईल एकाच कचेरीत दाखल होत नाही. ती एकापाठोपाठ एक अशा अनेक कचेऱ्यांतून जाते, आणि प्रत्येक कचेरीची हद्द, मर्यादा व मुदत निरनिराळी असते.

पहिला द्वारपाल म्हणजे वेब-सर्व्हर. एन्जिनएक्स नावाचा जो सर्व्हर पुष्कळ ठिकाणी वापरात आहे, त्याची कोणी न बदललेली मर्यादा अवघी एक मेगाबाइट असते. तिच्यापेक्षा मोठी फाईल आली की तो ४१३ हा क्रमांक उच्चारतो, ज्याचा अर्थ मजकूर प्रमाणाबाहेर मोठा आहे असा. इथवर सर्व यथायोग्य आहे; परंतु त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच अशी सूचना दिलेली आहे की ही त्रुटी ब्राउझरांना नीट दाखवता येत नाही. म्हणजे द्वारपालाने कारण सांगितले तरी ते दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचेल याची शाश्वती नाही. द्वारपालाच्या आत पीएचपी या आज्ञावली-भाषेची कचेरी असते. तिथे दोन मर्यादा आहेत: एका फाईलची, जी मुळात २ मेगाबाइट असते, आणि फाईल धरून येणाऱ्या संपूर्ण टपालाची, जी मुळात ८ मेगाबाइट असते. पहिली मर्यादा ओलांडली तर त्रुटीचा एक क्रमांक मिळतो. या क्रमांकांची एक यादीच आहे: फाईल मोठी आहे, फाईल अर्धवट आली, तात्पुरती ठेवण्याची जागा नाही, लिहिता आले नाही, असे १ पासून ८ पर्यंत, मधला ५ वगळून. परंतु दुसरी मर्यादा ओलांडली तर फार विलक्षण गोष्ट घडते. पीएचपी ते सारे टपालच बाजूला टाकते आणि आतील आज्ञावलीच्या हाती रिकामी पिशवी देते. संकेतस्थळ चालवणाऱ्या आज्ञावलीच्या दृष्टीने कोणी काही पाठवलेलेच नसते. आवक बारनिशीत अर्जाची नोंदच झालेली नसते. अशा वेळी ती बिचारी आज्ञावली तरी "काहीतरी त्रुटी आली" यापलीकडे काय सांगणार?

माझ्या बाबतीत हेच घडले होते, हे मला पुढे कळले. बाहेरच्या द्वारपालाची मर्यादा जागा भाड्याने देणाऱ्यांनी उदारपणे वाढवून ठेवली होती, म्हणून त्याने पन्नास मिनिटे खर्चून माझी संपूर्ण फाईल घेतली, ती तात्पुरत्या जागी रचून ठेवली, आणि मगच आतल्या कचेरीकडे सोपवली. आतल्या कचेरीची मर्यादा ५१२ मेगाबाइट असल्याने तिने ती क्षणात नाकारली. पट्टी शंभरावर जाऊन मग नकार का येतो याचा उलगडा एवढाच आहे.

हे मी शोधले कसे, हे सांगितले पाहिजे, कारण तिथेच या प्रश्नातील खरे बौद्धिक सत्त्व आहे. आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक या नावांनी जी पद्धत सांगितली, तिचा उपयोग धूर आणि अग्नी यांच्यापुरता मर्यादित नाही. एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात आणि परिणाम पाहावा. मी त्याच चित्रणाचे तुकडे केले. शंभर मेगाबाइटचा तुकडा गेला, चारशेचा गेला, सहाशेचा अडला. पाचशेचा पुन्हा गेला. तेवढ्यावरून जोडणी, वीज, फाईलचा प्रकार, माझा संगणक, हे सारे आरोपी एकदम दोषमुक्त झाले, कारण दोष त्यांच्यात असता तर तो आकारमान मोजून प्रकट झाला नसता. फाईल दर वेळी ठराविक आकारमानाला अडत असेल तर दोष मर्यादेचा. आकारमान कितीही असो, ठराविक मिनिटांनी अडत असेल तर दोष मुदतीचा, म्हणजे कोणत्या तरी कचेरीचे घड्याळ संपते आहे. आणि आकारमान व वेळ या दोहोंपैकी कशाशीच मेळ बसत नसेल तर मग तार, टॉवर किंवा भारनियमन यांच्याकडे वळावे. हे तीन प्रश्न ज्याने क्रमाने विचारले त्याचे निम्मे काम झाले असे मी अनुभवाने म्हणतो. "पुन्हा प्रयत्न करा" हा उपदेश फक्त शेवटच्या प्रकारात उपयोगी आहे. पहिल्या दोन प्रकारांत तो माणसाचे आयुष्य वाया घालवतो.

अनुमान झाले तरी प्रत्यक्ष पुरावा हवाच. भाड्याच्या जागेच्या नियंत्रणफलकावर एका कोपऱ्यात त्रुटींची नोंदवही असते. ती उघडली तेव्हा तिच्यात चारपैकी तीन रात्रींच्या, म्हणजे वीज गेली ती रात्र सोडून, तीन ओळी मिनिट-सेकंदासह हजर होत्या. आलेल्या टपालाची लांबी ५३६८७०९१२ बाइटच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, असे त्या इंग्रजीत सांगत होत्या. तो आकडा म्हणजे ५१२ ला १०२४ ने दोनदा गुणून येणारी संख्या. मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिलो. कारण अस्तित्वात होते, लिहिलेले होते, पहिल्याच रात्रीपासून लिहिलेले होते. फक्त ते माझ्यापर्यंत आणण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नव्हती.

आता त्या तरुणाच्या सल्ल्याकडे येतो. चलचित्र हे मोठ्या व्यासपीठांवरच ठेवावे, या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. एकच फाईल हजार माणसांनी पाहिली तर ती हजार वेळा वाहून न्यावी लागते. प्रत्येकाच्या जोडणीच्या वेगाप्रमाणे तिच्या लहानमोठ्या आवृत्त्या लागतात. हा भार लहान भाड्याच्या जागेला पेलत नाही. माझ्यासारख्याने तसा आव आणू नये. स्वतःची जागा स्वस्त पडते असेही नाही, आणि तिथे प्रेक्षक आपोआप येतात असे तर मुळीच नाही. मग आग्रह कशासाठी? स्वातंत्र्य, स्वामित्व असे मोठे शब्द या प्रसंगी वापरले जातात, परंतु मला दिसणारे कारण अधिक साधे आहे. माझ्या जागेवर झालेल्या नकाराची नोंदवही मला उघडता येते. परक्या व्यासपीठावर फाईल अडली, काढली गेली, किंवा कोणाला दिसेनाशी झाली, तर तिथली नोंदवही माझ्यासाठी कायमची बंद असते. मला मिळते ते त्या नोंदीचे कोणीतरी आखडते घेतलेले सार. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांत, ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी आपण होऊन मजकूर काढताना वापरकर्त्यास कारणे कळवावीत अशी तरतूद शासनाला करावी लागली, यावरूनच ही तक्रार माझ्या एकट्याची नाही हे दिसते. ज्या घरात कारण हाताशी आहे ते घर लहान असले तरी मी त्यात राहणे पसंत करीन, आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी चित्रणाची एक प्रत मोठ्या व्यासपीठावर ठेवण्यास माझी हरकत नाही.

नकार सकारण असला म्हणजे तो गोड लागतोच असे नाही. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त भांडारात मोबाइलवरची नेहमीची एमपी४ फाईल घेतली जात नाही. तिच्यातील संकेतनावर, म्हणजे कोडेकवर, पेटंटांचे हक्क होते, म्हणून ती घ्यावी की नाही याची २०१४ साली उघड चर्चा झाली आणि न घेण्याचा पक्ष प्रबळ ठरला. माझ्यासारख्या खेड्यापाड्यांत चित्रण करणाऱ्याला त्यामुळे फाईल रूपांतरित करण्याची जादा मेहनत पडते. परंतु त्या नकाराची बाजू आणि विरोधी बाजू या दोन्ही कोणालाही आजही वाचता येतात, त्यांच्याशी वाद घालता येतो. म्हणून मी ती मेहनत राग न धरता करतो.

मराठी माणसाच्या वाट्याला या व्यवहारात एक खास अडचण येते, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी फाईलला नाव देतो ते देवनागरीत, आणि सविस्तर देतो: गाव, तिथी, विषय, बोलणाऱ्याचे नाते. संगणक देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, तीन बाइट मोजतो. "कळमनुरी" या नावात सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट झाले. आणि हेच नाव पत्त्याच्या ओळीत टक्क्याच्या खुणांनी लिहिले जाते तेव्हा त्याची त्रेसष्ट अक्षरे होतात. लिनक्सच्या नेहमीच्या रचनेत फाईलच्या नावाला २५५ बाइटांची हद्द असते. म्हणजे इंग्रजी नाव २५५ अक्षरांचे चालते तिथे मराठी नाव ८५ चिन्हांवर संपते, आणि काही आज्ञावल्या नाव टक्क्यांच्या रूपातच साठवतात तिथे तर २८ चिन्हांवर. माझ्या दोन फाईली केवळ एवढ्यासाठी अडल्या होत्या आणि पडद्यावर वाक्य तेच होते, त्रुटी आली. नाव लहान करा, एवढे तीन शब्द कोणी सांगितले असते तर एक संध्याकाळ वाचली असती.

फाईल चढली तरी ती चालेलच असे नाही, हा वेगळा अध्याय आहे आणि तो मी थोडक्यात आटोपतो. एमपी४ फाईलमध्ये कोणते चित्र कोठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि मोबाइल ती बहुधा शेवटी लिहितो. ती आरंभी आणून ठेवली नाही तर पाहणाऱ्याला चित्र सुरू होण्यासाठी ताटकळावे लागते. २०१७ पासून आयफोन जे चित्रण करतात ते पुष्कळदा एचईव्हीसी या संकेतनात असते, जे सर्वच ब्राउझरांना उलगडत नाही. मग आवाज येतो आणि चित्र काळे राहते. या दोन्हींवर एफएफएमपेग हे, २००० साली फाब्रिस बेलार यांनी आरंभलेले, विनामूल्य साधन उपयोगी पडते. त्याने मी माझे अकरा मिनिटांचे चित्रण जुन्या, सर्वांना उलगडणाऱ्या संकेतनात आणले, अनुक्रमणिका पुढे घेतली आणि आकारमान पावणेदोनशे मेगाबाइटवर आणले. हळकुंडाच्या गाभ्याचा रंग त्यातही स्पष्ट दिसतो, हे मी तीनदा थांबवून पाहिले. मूळ प्रत दोन निरनिराळ्या डिस्कांवर जपून ठेवली आहे.

आज्ञावल्या लिहिणारे या तक्रारीला एक उत्तर देतात आणि ते क्षुल्लक नाही. त्रुटीचा संपूर्ण तपशील पडद्यावर दाखवला तर घरफोड्या करू पाहणाऱ्यालाही घराचा नकाशा मिळतो, असे ते म्हणतात. हे खरे आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला आतल्या कचेऱ्यांची नावे सांगू नयेत. परंतु मी तर परवलीचा शब्द देऊन, घरधनी म्हणून ओळख पटवून आत आलेलो असतो. घरधन्याला आणि आगंतुकाला एकच गुळमुळीत वाक्य ऐकवणे ही सुरक्षितता नव्हे, तो आळस आहे. "तुमची फाईल १४०० मेगाबाइट, या जागेची मर्यादा ५१२ मेगाबाइट, मर्यादा अमुक ठिकाणी वाढवता येते, किंवा फाईल लहान करून पाठवा," एवढे वाक्य मराठीत लिहिण्यास किती श्रम पडतील? आणि ते फाईल निघण्यापूर्वीच सांगता येते, कारण आकारमान ब्राउझरला पहिल्या क्षणीच ठाऊक असते. पन्नास मिनिटे घेऊन मग नकार देणे म्हणजे मुदतीत न बसणारा अर्ज दिवसभर रांगेत उभा ठेवण्यासारखे आहे. जे मराठी तरुण आज पुण्या-मुंबईत, किंवा नांदेडात बसून अशा आज्ञावल्या लिहितात, त्यांच्याकडे मी ही मागणी आग्रहाने करतो. तारेत खंड पडला तर फाईल जिथे तुटली तिथून पुढे चालू करण्याच्या पद्धतीही उपलब्ध आहेत. ज्या तालुक्यात संध्याकाळी वीज जाते तिथे त्या चैन म्हणून नव्हेत, गरज म्हणून बसवल्या पाहिजेत.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या २०१७ पासून ग्रामीण भारताविषयीच्या 'पारी' या संकेतस्थळावर येत गेल्या, हे वाचकांना ठाऊक असेल. त्या संग्रहाचे मला सर्वांत मोठे वैभव वाटते ते असे की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव जपलेले आहे. आमच्या तालुक्यात काहिलीत हळद शिजवलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्या गावाच्या नावासह, त्यांच्या शब्दांसह कोठे तरी टिकावे, आणि ते टिकवण्याच्या वाटेवर कोणत्या कचेरीत काय अडले हे टिकवणाऱ्याला समजावे, एवढेच मी मागतो आहे.

त्या प्रसंगानंतर मी एक जाड वही घातली आहे. तिला मी बारनिशी म्हणतो. तारीख, फाईलचे नाव, आकारमान, किती मिनिटांनी अडली, कोणी नाकारली आणि कारण, असे रकाने आखले आहेत. हळदीचे चित्रण चढले त्या दिवशी मी ते आजोबांना त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले आणि हळकुंड मोडतो तो भाग पुन्हा लावायला सांगितला. वहीत आजवर एकोणीस नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी अठरांची कारणे लिहिली गेली. एक फाईल, पावसाळ्यात ईसापूर धरणाकाठी घेतलेली, आकारमानाने लहान, नावाने लहान, तरी तीन वेळा अडली आणि नोंदवहीत तिची ओळ सापडत नाही. उद्या सकाळी, जोडणी मोकळी असते तेव्हा, मी तिचे दोन तुकडे करून पाहणार आहे.